मदत हवी आहे: जुनी वेब्ली .३२ रिव्हॉल्व्हर बघून आलोय, साडेतीन लाख द्यावे का?

नमस्कार मंडळी. रावेरकडे आमची केळी आहे, रात्री पाणी द्यायला जावं लागतं, लायसन यंदा हातात पडलं. कानपूरची नवी .३२ घ्यायची असं ठरलेलं, तेवढ्यात एका डीलरकडे वेब्ली अँड स्कॉटची मार्क फोर निघाली. मूळ मालक वारले, वारसांनी तिथंच जमा केली आणि आता विकायची म्हणतात. (आधीच सांगतो, सातपुड्यापलीकडचा गावठी कट्टा नाहीये, कागद सगळे आहेत, कलेक्टर ऑफिसचं मी बघून घेईन, त्यावर सल्ले नको.)

प्रश्न मालाचा आहे. बाहेरून अशी चकचकीत की नवरदेवच जसा, पण नळीवरची अक्षरं पुसट अन् फ्रेमच्या कडा गोलसर झाल्यात. डीलर म्हणतो वापरलीच नाही भाऊ, महायुद्धातला फौजी पीस आहे. वापरली नाही तर अक्षरं कशाने गेली? रिकामी आहे बघून घोडा मागे ओढला आणि चक्र हलवून पाहिलं तर बारीक हलतं, मधून मोडून उघडली आणि नळी उजेडाला धरली तर आतले आटे (पिळाच्या खाचा) चांगले दिसतात पण तोंडाजवळ काळे टिपके आहेत. फ्रेमवरचा आणि चक्रावरचा नंबर जुळतो. डीलर सांगून राहिला की दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, ते तर सगळेच सांगतात. जाणकारांनी सांगा, भाव किती पाडायचा?

प्रतिसाद १:
भो, बफ मारून री-ब्लू केलीय ती, म्हणजे घासून वरचा निळा-काळा थर नव्याने चढवलाय, पुसट अक्षरं म्हणजे तेच. आणि फौजी पीस कसला, फौजेची मार्क फोर .३८ ची होती आणि तो बोअर (नळीचं माप) आपल्याला बंद आहे. .३२ साध्या विक्रीची. प्रूफचा (चाचणीत पास झाल्याचा) शिक्का भिंगातून बघा, मुकुटाखाली बीएनपी (BNP) अशी अक्षरं असतील तर १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरची, म्हणजे महायुद्ध तिथंच संपलं. चक्र थोडं हलणारच, पण गोळ्यांच्या सहाही घरांवर सारखं हलतं का ते बघा. घोडा अंगठ्याने हळू ओढा, तो पूर्ण मागे अडकेपर्यंत चक्र घट्ट बसलं पाहिजे, एखाद्या घराला मागे राहत असेल तर आतलं काम निघालं, आणि त्याचे सुटे भाग शोधता शोधता म्हातारे व्हाल.

प्रतिसाद २:
वरचं बरोबर, फक्त ही मधून मोडणारी आहे तर बंद करून नळी धरून डावी-उजवीकडे हलवा. बिजागरी किंवा वरची खिट्टी ढिली असेल तर मी फुकटातही घेणार नाही. टिपक्यांचं एवढं नाही, तेल-ब्रश मारून परत बघा, खड्डा असेल तर राहील, मळ असेल तर जाईल. भाव चढा असतो कारण १९८० च्या दशकात बाहेरून आणणं बंद झालं, आहे तेवढाच माल फिरतोय. तरी री-ब्लू केलेल्याला साडेतीन नाही, नवीन कानपूरची घ्या अन् उरलेल्या पैशात ठिबक बदला.