अठरा पूर्ण झाली, मतदार यादीत नाव लागलं का? अनुभव सांगा

अमळनेर, मामा
भाचीला अठरा पूर्ण झाली आणि फॉर्म 6 भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मोबाईलवर दहा मिनिटांत होईल म्हणून बसलो, फोटोची साइज जुळवण्यातच दोन चहा झाले. तुमच्या घरातल्या, गल्लीतल्या पोरापोरींचं नाव कसं लागलं? कुठे अडलं? खानदेशातलेच अनुभव हवेत.

शिरपूर तालुका, शिक्षिका आणि बीएलओ (बूथची मतदार यादी सांभाळणारी)
आमच्याकडे निम्म्या पोरांची जन्मतारीख 1 जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहून टाकलेली. आधी 1 जानेवारीला अठरा पूर्ण लागायची, त्यामुळे ही सगळी जूनवाली फौज सात महिने लटकायची. 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. सतरा पूर्ण झालेल्यांचा अर्जही आगाऊ घेतो.

पण तारखेपेक्षा पोरींचं जड जातं. एका घरी गेले तर आई कळण्याच्या भाकरी थापत होती. मुलगी कॉलेजला, दाखला-आधार सगळं तयार. आई म्हणे, "कसाले मॅडम? दिवाईनंतर तिनं लगीन शे. सासरलेच लावतीन नाव." म्हटलं, आज इथे लावू, लग्नानंतर फॉर्म 8 भरला की तिकडे हलवता येतं. पटलं नाही. माझ्यापुढे भाकर मात्र ठेवली. मुलगी दाराआडून ऐकत होती. दोन दिवसांनी शाळेच्या फाटकापाशी उभी, हातात झेरॉक्स. फोटो दहावीचा, दोन वेण्यांतला. तिला आधी नवा फोटो काढायला पाठवलं.

धुळे, निवृत्त
आमच्या वेळी वयच एकवीस होतं. 61वी घटनादुरुस्ती झाली, मार्च 1989 पासून अठरा लागू झालं आणि नोव्हेंबरच्या लोकसभेला मी एकोणिसाव्या वर्षी रांगेत. मागून वडील बजावत होते, "शिक्का मारल्यावर घडी नीट घाल, शाई दुसऱ्या चिन्हाला लागली तर मत बाद." इतकं दडपण बारावीच्या पेपरलाही नव्हतं.

जामनेर तालुका
आमच्याकडे कुणी जनजागृती करावी लागत नाही. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच निघते, त्यामुळे निवडणुकीची नुसती कुणकुण लागली की दोन्ही पॅनलवाले कोरे फॉर्म घेऊन दारात. धाकट्याचा अर्ज दोघांनीही भरला. एक नाकारला गेला, आणि तो आपल्याच पॅनलचा म्हणून काका अजून रुसलेत.

धडगाव, सध्या जळगावला वसतिगृहात
पत्ता कुठला द्यायचा इथपासून सुरुवात. वसतिगृहाचा चालतो, घरचाही चालतो, दोन्हीकडे नाव चालत नाही. मी गावचा दिला. आमचा अक्कलकुवा मतदारसंघ राज्यात क्रमांक 1, रूमवरच्या पोरांपुढे तेवढीच ऐट.

अर्ज भरला दिवाळीनंतर. तेव्हा आईबाबा ऊसतोडीला गुजरातमध्ये, मी इथे, घराला कुलूप. चौकशीला माणूस आला, कुणी भेटलं नाही, अर्ज नामंजूर. मला ते दोन महिन्यांनी, ॲप उघडलं तेव्हा कळलं. मग होळीला परत भरला. होळीला आमच्याकडे सगळे घरी येतातच. टेकडीवर चढून रेंज पकडली आणि बाबांचा मतदार कार्ड क्रमांक टाकला. या वेळी दार उघडं होतं.

रावेर
कार्ड हातात आलं तरी यादी बघाच. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरतं नवं नाव चढत नाही. आणि कार्डाच्या नंबरावरून शोधा. आमच्या बूथवर मुलीच्या नावाच्या तीन पाटील निघाल्या, त्यातल्या दोघींच्या वडिलांचं नावही एकच.

अमळनेर, मामा
धडगावच्या दादा, वेळेवर सांगितलंस. भाचीही परवा पुण्याला चाललीय. बीएलओ ताईंना आत्ताच फोन लावला, उद्या सकाळी सातला येते म्हणाल्या.