फुल बॅकअप रिस्टोअर झाला, पण त्यावर लॉग बॅकअप लागत नाहीत

प्रश्न
नमस्कार. आमच्या एसक्यूएल सर्व्हरवरील डेटाबेसचा फुल बॅकअप रोज रात्री १ वाजता आणि लॉग बॅकअप (मधल्या बदलांच्या नोंदींची प्रत) दर १५ मिनिटांनी घेतला जातो. आज सकाळी ११:२० वाजता माझ्याकडून एका टेबलवर अट न घालताच अपडेट चालवले गेले आणि सगळ्या ओळींमधील दर एकसारखे झाले. मला ११:१९ ची स्थिती हवी आहे. फुल बॅकअप वेगळ्या नावाने रिस्टोअर केला, तो डेटाबेस उघडतोही. परंतु पहिला लॉग लावताच ३११७ क्रमांकाची त्रुटी येते. फाइल खराब झाली असेल का?

उत्तर १
फाइलचा दोष दिसत नाही. आपण फुल बॅकअप रिस्टोअर करताना ‘नो-रिकव्हरी’ हा पर्याय दिलेला नसावा. तो दिला नाही, तर सर्व्हर अपूर्ण व्यवहार (ट्रान्झॅक्शन) मागे फिरवून डेटाबेस वापरासाठी खुला करतो आणि एकदा खुला झालेला डेटाबेस पुढचा लॉग स्वीकारत नाही. त्यामुळे फुल बॅकअपपासून पुन्हा सुरुवात करावी लागेल. डेटाबेसच्या नावापुढे ‘रिस्टोअरिंग’ असे लिहिलेले पाहून घाबरू नका. शेवटचा लॉग लागेपर्यंत तो तसाच राहायला हवा.

उत्तर २
यात वेळेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ११:१५ ला घेतलेल्या फाइलमध्ये ११:१९ चे व्यवहार नसतात, ते ११:३० च्या फाइलमध्ये येतात. ती अजून तयार झाली नसेल तर आत्ताच हाताने लॉग बॅकअप घ्या. प्रत्येक लॉग लावताना ‘स्टॉप-ॲट’मध्ये ११:१९ ही वेळ द्या, म्हणजे चुकून पुढे जाण्याची भीती राहत नाही. चूक नेमकी केव्हा झाली याची खात्री नसेल, तर शेवटचे टप्पे ‘स्टँडबाय’मध्ये लावा, त्यात डेटा वाचून तपासता येतो आणि पुढचा लॉगही लावता येतो.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. आता पहाटे ४:१५ पर्यंतचे लॉग लागले, परंतु ४:३० च्या फाइलला ४३०५ ही त्रुटी आली.

उत्तर १
याचा अर्थ मधला एक लॉग बॅकअप आपल्या हाती नाही. ठरलेल्या जॉबबाहेर कोणीतरी लॉग बॅकअप घेतला असावा. मूळ सर्व्हरवरील ‘एमएसडीबी’ या, बॅकअपचा इतिहास ठेवणाऱ्या सिस्टिम डेटाबेसच्या ‘बॅकअपसेट’ टेबलमध्ये त्या वेळच्या नोंदी पाहा: एका नोंदीचा शेवटचा एलएसएन (लॉगमधील नोंदीचा अनुक्रमांक) पुढच्या नोंदीचा पहिला असतो. फाइल कोठे लिहिली गेली, तो पत्ता ‘बॅकअप-मीडिया-फॅमिली’ या टेबलमध्ये मिळेल. कालचा फुल बॅकअप घेऊन सुरुवात केली तरी हा खंड टळणार नाही, कारण वाट याच लॉगमधून जाते.

प्रश्नकर्ता
फाइल एका सहकाऱ्याने चाचणीसाठी दुसऱ्या ड्राइव्हवर घेतलेली सापडली आणि साखळी पूर्ण झाली. ११:२० नंतरचे काम वाया जाऊ नये म्हणून मूळ डेटाबेस तसाच ठेवला. नव्या प्रतीतून केवळ दराचा रकाना प्राथमिक की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) जुळवून परत भरला आणि ११:२० नंतर कोणी जाणीवपूर्वक बदललेल्या ओळी आधीच वगळल्या.