सालदाराच्या लेकरांसाठी ग्रामसभेत ठराव मांडायचाय, कोणी केलंय का असं?

तापीकाठचा (रावेर तालुका)

मंडळी नमस्कार. आखाजी (अक्षय तृतीया) झाली, गावात नवे सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेले गडी) आले, 1 मेची ग्रामसभा तोंडावर आहे म्हणून घाईत लिहितोय, चुकलंमाकलं समजून घ्या.

आमच्याकडे केळीच्या मळ्यांवर सालदार बहुतेक खरगोन-बडवानीकडचे. माझ्याकडे आहे तो तिसऱ्या सालाला आलाय, माणूस सोन्यासारखा. विहिरीजवळच्या खोलीत राहतात, नवरा-बायको आणि तीन लेकरं. मोठी पोरगी नऊ वर्षांची. आईबाप पिलं कापायला नाहीतर घडांना बॅगा चढवायला गेले की ही पोरगी दोन झाडांना लुगड्याची झोळी बांधून धाकट्याला झोके देत बसते, मधला चार वर्षांचा नळीच्या पाण्यात खेळतो. मागच्या पावसाळ्यात त्याच ठिकाणी घोणस निघाली तेव्हापासून माझी झोप उडालीय.

शाळेत गेलो तर म्हणे टीसी आणा. अंगणवाडीत गेलो तर म्हणे ही आपल्या यादीतली नाहीत. रेशन दुकानात गेलो तर एमपीचं कार्ड इकडे चालत नाही. मग गडी महिन्याला रेशन उचलायला गावी जातो, भाडं जातं, दोन दिवसांची मजुरी जाते, आणि इकडे माझ्या पाण्याच्या पाळीचे वांधे होतात. म्हणजे यात माझा स्वार्थ आहेच, लपवत नाही.

ग्रामसभेत ठराव घेता येईल का? आणि लोकांना सांगायचं कसं? परवा पारावर विषय काढला तर एक काका म्हणाले, आज अंगणवाडी मागशील, उद्या घरकुल मागतील, परवा सरपंच होतील. सगळे हसले नि विषय तिथेच संपला.

मास्तर_चोपडा

ठराव घेता येतो, पण आधी एक लक्षात घ्या, शाळेसाठी तुम्ही उपकार मागत नाही आहात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात 6 ते 14 वयाचं लेकरू म्हणजे लेकरू, ते कुठल्या राज्याचं हे विचारलेलंच नाही. टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही (कलम 5), जन्माचा दाखला नाही म्हणून अडवता येत नाही (कलम 14), आणि वयानुसार वर्ग द्यायचा (कलम 4), म्हणजे तुमची नऊ वर्षांची पोरगी पहिलीत कोंबायची नाही, चौथीत बसवायची आणि मागचं राहिलेलं वेगळं शिकवायचं. कलम 9 मध्ये तर स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघायची जबाबदारी थेट स्थानिक प्राधिकरणावर टाकलीय. तेवढं कलम ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा, बाकी भाषणाची गरज नाही.

आता आमची बाजू पण ऐका, कारण सगळेच मास्तर खडूस नसतात. आधार नसलेलं पोरगं पटावर घेतलं की संचमान्यतेला (पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करतात त्याला) ते धरलं जात नाही, म्हणजे वर्गात बसतं, खिचडी खातं, पण शिक्षकाचं पद ठरवताना नसतंच. त्यात होळीच्या आधी भोंगऱ्याला (आदिवासींच्या सणाच्या बाजाराला) गेलेली लेकरं पंधरा-वीस दिवस येत नाहीत, तेवढ्यात कोणी तपासणीला आलं की हजेरीवरून आम्हालाच झापतात. म्हणून मुख्याध्यापक टीसीचं निमित्त काढून मोकळे होतात. ते चूकच आहे, पण का होतं ते माहीत असावं. तुम्ही मुलीचं आधार काढून दिलं तर निम्मं भांडण तिथेच मिटेल. नसलं तरी प्रवेश नाकारता येत नाही, हे मात्र ठणकावून सांगा.

आणि भाषेचं बघा. ती घरी बारेली बोलते, शाळेत गेलीच असेल तर हिंदी, आणि आपण मराठीत विचारतो तुझं नाव काय. पोरगी गप्प बसली की लोक म्हणतात ढ आहे. माझ्या वर्गातल्या अशा एका पोराने दोन महिन्यांनी पहिलं वाक्य बोललं ते "सर, खिचडीत मीठ नाही".

सरळ_बोलतो

वाईट वाटून घेऊ नका पण कोणीतरी बोलायला पाहिजे. आपल्याच गावात लोकांना घरकुल नाही, आपल्याच आदिवासी वस्तीत पाणी नाही, आणि आपण बाहेरच्यांसाठी ठराव करायचे? रेशनचा कोटा गावाच्या कार्डांवर येतो, त्यात बाहेरचे घुसले तर शेवटच्या आठवड्यात आपल्या म्हातारीला दुकानदार म्हणणार माल संपला. शिवाय कोण कुठला माणूस, काही भानगड करून रातोरात पळाला तर जबाबदार कोण? मागे आमच्या शेजारच्या मळ्यातून गडी उचल (आगाऊ पैसे) घेऊन पसार झाला, त्याचं काय?

तापीकाठचा

उचलीचं नि लेकराच्या खिचडीचं काय नातं भो? बापाने पैसे बुडवले म्हणून पोराने उपाशी राहायचं का. रेशनचं मात्र मलाही नीट माहीत नाही, कोणी सांगेल का.

लिंबायतचा_पोरगा

रेशनचं मी सांगतो, कारण मी दुसऱ्या बाजूचा आहे. मूळ गाव अमळनेरकडे, वाढलो सुरतेत, लिंबायतला. बाप लूमवर बारा तासाची पाळी, आई घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची, आमच्या जेवणाच्या ताटात पण टिकली निघायची. तिकडे आम्ही खानदेशी, म्हणजे बाहेरचे. तुम्ही सालदाराबद्दल जे बोलता ना सरळभाऊ, ते शब्दाला शब्द मी गुजरातीत ऐकलंय.

तर रेशन. अन्न सुरक्षा कायदा 2013 चा, तो देशभराचा. त्यात ज्याचं नाव आहे त्याला महिन्याला माणशी 5 किलो, अंत्योदय असेल तर घराला 35 किलो. ते धान्य केंद्राचं, कार्डाबरोबर फिरतं. कुठल्याही राज्यातल्या दुकानात मशीनवर अंगठा लावून उचलता येतं. तुमच्या म्हातारीच्या कार्डावरचा दाणासुद्धा त्यात जात नाही. ऑगस्ट 2019 मध्ये ही सोय पहिल्यांदा दोन जोड्यांत सुरू झाली, त्यातली एक जोडी गुजरात आणि महाराष्ट्र, म्हणजे आपल्याच लोकांसाठी म्हणा ना. मग जून 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना 31 जुलैपर्यंत लागू करा म्हणून सांगितलं. सगळं धान्य एकदम उचलायला पण लागत नाही, थोडं इकडे घ्यायचं, गावी म्हातारे आईबाप असतील तर त्यांचा वाटा ते तिकडे घेतात. कार्डाला आधार जोडलेलं नि केवायसी झालेलं पाहिजे, बस. दुकानदार नाही म्हणाला तर "मशीनवर नंबर टाकून दाखव" म्हणा, बहुतेक वेळा तिथेच गाडी सुटते, नाहीच तर तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज.

आणि एक. सुरत महापालिका आमच्यासाठी मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, नुसत्या मराठी नाही, उडिया, तेलुगू, उर्दू, हिंदी पण. मी बाराखडी मराठीत शिकलो ती गुजरातेत. तिथे पण कोणी ना कोणी म्हटलंच असेल की बाहेरच्यांसाठी कशाला खर्च. सगळं गोड होतं असं नाही, 2020 च्या लॉकडाऊनला आम्ही बोचकी घेऊन उच्छलपर्यंत चालत आलो होतो, तेव्हा ना तिकडचं कोणी आपलं होतं ना नवापूरच्या नाक्यावर इकडचं. पण शाळा होती राव, म्हणून आज हे टाईप करतोय.

सेविका_ताई

मी अंगणवाडी सेविका आहे, कुठली ते नाही सांगत. भाऊ, तुमच्या गावची सेविका खोटं बोलली असं नका समजू, तिला कदाचित भीती वाटत असेल. गर्भार बाई, स्तनदा आई, सहा महिने ते सहा वर्षांचं लेकरू, हे जिथे राहतंय तिथल्या अंगणवाडीने घ्यायचं असतं. पोषण ट्रॅकरवर (आमच्या नोंदीच्या ॲपवर) दुसऱ्या राज्यातून आलेल्याची नोंद घेता येते, लेकराचं आधार नसलं तर आईच्या आधारवर होते. लसीचं कार्ड तिकडचं असलं तरी चालतं, पुढचा डोस इकडे. ते कार्ड हरवू देऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून खोलीत वर अडकवा.

पण खरी अडचण सांगते. आता टीएचआर (घरी न्यायचा पोषण आहार) द्यायला बाईच्या चेहऱ्याचा फोटो जुळवावा लागतो, त्याआधी नोंदणीचा ओटीपी येतो, तो येतो नवऱ्याच्या मोबाईलवर आणि नवरा असतो बागेत जिथे रेंज नाही. मी मागच्या महिन्यात एका बाईसाठी तीन दुपारी मळ्यात गेले. तिसऱ्या दिवशी लेकराच्या दंडाला पट्टी लावली तर लाल, म्हणजे साडेअकरा सेंमीच्या आत. वर्षाचं पोरगं आणि दंड माझ्या दोन बोटांएवढा. त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायला पाहिजे होतं, तर आई म्हणे चौदा दिवस राहिले तर मालक खाडे धरेल, म्हणजे गैरहजेरीचे पैसे कापेल.

म्हणून ठरावात हेही घाला की अशा वेळी बाईचे खाडे धरायचे नाहीत. तुम्हा मळेवाल्यांच्या हातातलं आहे ते, त्याला सरकार लागत नाही.

धुळेकर_भाऊ

भो, तुनं म्हननं खरं शे ताई. सगळे कायदे सांगतात, खाड्याचं कोणीच बोलत नाही.

सरळ_बोलतो

बरं. सुरतेचं वाचलं. माझी सख्खी बहीण उधन्याला दिलीय, भाच्चे तिकडच्याच शाळेत शिकले, हे मी लिहिताना विसरलो होतो म्हणा. शाळा आणि अंगणवाडीला माझा विरोध नाही. पण रेशनचा मुद्दा ठरावात टाकलात तर सभा पेटेल, गाव माझंही असंच आहे, मला माहितीये. ते काढा.

तापीकाठचा

सगळ्यांचे आभार. सरळभाऊंचं पटलं, रेशन ठरावातून काढतो. नाहीतरी तो कायद्याचा हक्क आहे, त्याला गावाची परवानगी कशाला विचारायची, मागितली की उलट लोकांना वाटतं नाही म्हणायचा अधिकार आपल्याला आहे. आज सकाळी गड्याला गाडीवर बसवून दुकानात घेऊन गेलो, नंबर टाकायला लावला. पहिल्यांदा अंगठा लागेना, केळीच्या डिंकाने बोटं काळी झालेली, दुकानदाराने साबण दिला, दोनदा धुतल्यावर लागला. गहू-तांदूळ मिळाले. दुकानदार म्हणे, मलाच माहीत नव्हतं. असेल.

ठरावाचा मसुदा असा केलाय, बघा नि सांगा: "गावाच्या हद्दीत, मळ्यात, वीटभट्टीवर किंवा कुठेही राहणाऱ्या 14 वर्षांखालच्या प्रत्येक लेकराची शाळा, अंगणवाडी व लसीकरणात नोंद घेण्यात यावी, दर वर्षी आखाजीनंतर पंधरा दिवसांत सेविका, आशा व एक शिक्षक यांनी मळ्यांवर फिरून यादी करावी." बाहेरचे, परप्रांतीय असा शब्द मुद्दामच कुठे घातलेला नाही. खाड्याचं वेगळं कलम आहे, त्याच्यावर आमच्याच भाऊबंदांशी भांडण होणार, तयारी ठेवलीय. माझ्याकडच्या बाईचे खाडे या सालापासून बंद, हे सभेत आधी मीच सांगणार, नाहीतर कोणत्या तोंडाने दुसऱ्याला सांगू.

सूचक मी आहे. अनुमोदक अजून नाही. पारावरच्या त्या काकांचे दोन नातू सुरतेला आहेत असं आत्ता घरी कळालं, संध्याकाळी त्यांच्याकडेच जातोय.