अनुभव धागा: आमच्या घरातले नेव्हीवाले

४ डिसेंबरला नौदल दिन असतो, तेव्हा १९७१चा कराचीवरचा हल्ला, मिसाइल बोटी, विक्रांत यावर भरभरून लिहिलं जातं आणि ते लिहायलाच हवं. पण त्या जहाजांवरची माणसं घरी कशी होती हे फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा. वडील, आजोबा, नवरा, भाऊ, कुणीही असो, लिहा. सुरुवात मी करते.

बाबा इंजिन रूमवाले. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नेव्हीच्या केंद्रात ट्रेनिंग झालं आणि पुढची सगळी नोकरी जहाजांवर. आम्ही आईबरोबर गावी. पत्ता कायम एकच, मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई, त्यामुळे जहाज नक्की कुठे आहे ते कळायचंच नाही. बंदराला लागलं की पत्रं गठ्ठ्याने यायची, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी, म्हणून बाबा प्रत्येक अंतर्देशीयाच्या कोपऱ्यात नंबर टाकायचे आणि आई नंबर लावूनच फोडायची, मधलं एखादं आलं नसेल तर पुढचं तसंच बंद ठेवून पोस्टमनची वाट बघायची. पत्रात रेशन कार्ड, माझे पाढे, आजीचा दमा, सगळं असायचं आणि शेवटी प्रत्येकासाठी एकेक वेगळी ओळ. धाकट्याला तेव्हा वाचता येत नव्हतं तर त्याच्या ओळीच्या जागी छोटंसं जहाज काढलेलं असायचं.

---

ताई, नंबरचं वाचून डोळ्यात पाणी आलं, आमच्याकडेही अगदी असंच होतं. माझे मिस्टर सेलिंगला गेले तेव्हा मुलगी तान्ही होती, परत आले ते दाढी वाढवून. नेव्हीत दाढी ठेवायची तर कमांडिंग ऑफिसरची परवानगी लागते आणि काढायची तरी लागते, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. पोरगी दाढी बघून रडून आकांत करायची, जवळच जाईना. यांनी रीतसर विनंती केली, परवानगी मिळाल्यावर दाढी उतरवली आणि त्या संध्याकाळी ती खांद्यावर झोपली. नंतर कितीही हौस झाली तरी पोरगी मोठी होईपर्यंत त्यांनी दाढी ठेवली नाही.

---

आजोबा ७१च्या युद्धात नेव्हीच्या एका जहाजावर होते. लोक त्यांना ४ तारखेला शुभेच्छा देतात, ते हसून घेतात, पण त्यांचा खरा दिवस ९ डिसेंबर. त्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता जहाजाबरोबरच गेले. आजोबांच्या ट्रेनिंगमधला जिवलग मित्र त्या जहाजावर होता. मित्राच्या घरच्यांची विचारपूस आजोबांनी कधी सोडली नाही, त्यांच्या मुलांच्या शाळेचे फॉर्म, लग्नाची बोलणी, सगळ्यात आजोबा. आम्हाला कळायला लागेपर्यंत आम्ही मित्राच्या त्या मुलांना सख्खे काकाच समजत होतो. दीवचं खुकरी स्मारक बघायला दोन्ही घरं एकत्र गेलो होतो.

---

थोडक्यात लिहिते. सासरे नेव्हीत चीफ पेटी ऑफिसर, म्हणजे नौसैनिकांमधला वरचा हुद्दा. घरातली सगळी इस्त्री अजून तेच करतात, सुनांच्या साड्यासुद्धा, आणि कुणाला हात लावू देत नाहीत.

---

आईला अर्धांगवायू झाला तेव्हा बाबांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. हॉस्पिटलमधून घरी आणली त्याच दिवशी फ्रिजवर कागद लागला, त्यावर आम्हा सगळ्यांची नावं आणि चार-चार तासांचे वॉच, म्हणजे ड्यूटीच्या पाळ्या. संध्याकाळी ४ ते ८ मात्र मोडून दोन-दोन तासांचे डॉग वॉच, जहाजावर असतात तसेच, म्हणजे पाळ्या फिरत राहतात आणि रोज एकाच माणसावर तीच वेळ येत नाही. फक्त मिडल वॉच, रात्री १२ ते ४, तिथे कायम बाबांचंच नाव. वॉच बदलताना तोंडी सांगायचं आणि वहीतही लिहायचं, कूस कधी बदलली, पाणी किती घेतलं, लघवी झाली का. आई सुरुवातीला चिडायची, मला काय बोट समजता का म्हणायची, जीभ जड होती तरी एवढं स्पष्ट बोलायची. बाबा काही न बोलता तिची वेणी घालत बसायचे, आधी जमायची नाही, मग शेजारच्या काकूंकडून नीट शिकून घेतली. शेवटपर्यंत आईच्या पाठीला एक जखम झाली नाही. नोकरीत असताना आमच्या आजारपणात ते नव्हते, बाळंतपणांत नव्हते, आईने एकटीने निभावलं, आणि ते त्यांनी मनात किती जपून ठेवलं होतं ते त्या वहीवरून मला कळलं.

---

मी स्वतः माजी नौसैनिक. १५ वर्षं पूर्ण करून बाहेर पडलो, वय पस्तिशीच्या आत, मुलं लहान, म्हणजे पेन्शन चालू आणि नोकरी परत पहिल्यापासून शोधायची. दुसऱ्या नोकरीत पगार कमी होता पण रोज संध्याकाळी घरी, पोरांचा अभ्यास घ्यायला मिळाला, मला तेच हवं होतं. सगळे लिहिताय तर एक कळकळीने सांगतो, पेन्शनच्या पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदात, बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का ते आजच बघा. एका अक्षराच्या फरकाने फॅमिली पेन्शन अडकून पडलेल्या वहिनी मी पाहिल्यात. ज्याने घरासाठी एवढं केलं त्याच्या माघारी तिला हेलपाटे घालायला लागू नयेत. कुणाला कागद समजत नसतील तर इथेच विचारा, रात्री बसून उत्तरं देतो.