मॅक्रोफेज: भक्षक की भक्षी? आणि 'रेग्युलेट' म्हणजे नियंत्रण की नियमन?

रोगप्रतिकारशक्तीवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. 'सिग्नलिंग प्रोटीन्स महाभक्षक पेशींवर नियंत्रण ठेवतात' असं लिहिलंय (महाभक्षक म्हणजे मॅक्रोफेज, जंतू गिळणारी पेशी; सिग्नलिंग प्रोटीन म्हणजे पेशीला काय करायचं ते सांगणारं प्रथिन) पण वाचताना खटकतंय, जणू पेशी मोकाट सुटलीय आणि प्रोटीन तिला दावं लावतंय. काय करू?

---

खटकतंय ते बरोबरच आहे. नियंत्रण म्हटलं की लगाम आला, पण ही प्रथिनं टाचही मारतात. इंटरफेरॉन गॅमा आलं की मॅक्रोफेज पेटून उठते, गिळलेला जंतू मारायची तिची ताकद वाढते, इंटरल्यूकिन-१० आलं की तीच निवते, आणि सीएसएफ-१ तर तिला जगवतं, ते मिळालं नाही की बऱ्याच मॅक्रोफेज मरूनच जातात. हे सगळं 'नियमन' या शब्दात मावतं, 'नियंत्रण'मध्ये नाही.

टीएनएफ या अशाच एका प्रथिनाचं बघा. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते त्या आजारात, ते जास्त झालं की सांध्यांची नासधूस होते, म्हणजे कुंपणच शेत खातं, म्हणून ते अडवणारी औषधं देतात. पण औषध सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी करतात, कारण शरीरात दबून बसलेल्या टीबीच्या जंतूंभोवती मॅक्रोफेज आणि इतर पेशींनी जी गाठ बांधलेली असते ती टिकायला हेच टीएनएफ लागतं, ते अडवलं तर झोपलेला टीबी जागा होऊ शकतो. इथे 'टीएनएफ मॅक्रोफेजवर नियंत्रण ठेवतं' लिहिलंत तर वाचणाऱ्याला अर्थ पार उलटा लागेल.

---

नियमनला माझंही मत. पण भक्षक नको हो, भक्षी म्हणा. 'रक्षकच भक्षक झाला' हे इतकं कानात बसलंय की भक्षक म्हटलं की खलनायकच दिसतो. भक्षी मात्र कीटकभक्षीसारखं, नुसतं काय खातो ते सांगतं. मूळ ग्रीकमध्येही 'मोठा खाणारा' एवढंच आहे, शिवी नाही. हा शब्द मेचनिकोव्ह या प्राणिशास्त्रज्ञाचा, ज्याने १८८२ मध्ये इटलीत मेसिनाला स्टारफिशच्या अळीत काटा खुपसून त्याभोवती गोळा होणाऱ्या पेशी बघितल्या, १९०८ चं नोबेल त्याला पॉल अर्लिखबरोबर मिळालं.

आणि ही पेशी खाते तेही बघून. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, तोवर प्लीहेतल्या मॅक्रोफेजसमोरून कितीदा तरी जाते, तरी तिला सोडलं जातं, कारण तिच्या अंगावर सीडी४७ नावाचं प्रथिन असतं, म्हणजे 'मला खाऊ नको' अशी पाटीच. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी हीच पाटी अंगावर भरमसाट लावून घेतात आणि निसटतात. अशी पाटी वाचून खाणाऱ्या मॅक्रोफेजला भक्षक म्हणणं मला अन्याय वाटतो.

---

सिग्नलिंग प्रोटीनबद्दल कोणीच बोललं नाही. 'संदेशवाहक' वापरू नका, ते आरएनएला आधीच दिलंय, आणि वाहक म्हणजे दुसऱ्याचा निरोप नेणारा, इथे प्रथिन हाच निरोप आहे. मला मनापासून 'सांगावा' आवडतो पण पुढे प्रथिन जोडलं की अवघड होतं, म्हणून 'संकेत-प्रथिन' बरं. संकेतचा रूढी असाही अर्थ आहे खरा, पण प्रथिन शेजारी आलं की गोंधळ होत नाही.

---

सगळ्यांचे आभार. वाक्य आता असं केलंय: 'महाभक्षी पेशींनी कधी चवताळायचं, कधी शांत व्हायचं आणि कोणाला सोडून द्यायचं, याचं नियमन संकेत-प्रथिनं करतात.' लेखातल्या टीएनएफच्या परिच्छेदातही दोन ठिकाणी नियंत्रण होतं, तेही बदललं.