1948 मध्ये गालुत (ज्यूंची हद्दपारी) संपला?

सरळवाट: रोमन सेनापती टायटसने इ.स. 70 मध्ये सगळ्या ज्यूंना हाकललं, 1948 मध्ये इस्रायल झालं आणि गालुत संपला. विषय एवढाच आहे.

तळटीप: एवढाच नाही. टायटसने जेरुसलेमचं मंदिर जाळलं, हजारोंना कैद करून नेलं, पण देश रिकामा केला नाही. राहायला बंदी घातली ती सम्राट हेड्रियनने, बार कोखबाचं ज्यू बंड मोडल्यावर 135 च्या सुमारास, तीही जेरुसलेम आणि आसपास. त्यानंतर मिश्ना (ज्यू कायद्याचा संग्रह) संपादित झाली ती त्याच देशात, उत्तरेच्या गालीलमध्येच, 200 च्या आगेमागे. उलट अलेक्झांड्रियात, बाबिलोनात ज्यू 70 च्या कितीतरी आधीपासून नांदत होते.

सरळवाट: तारखा घ्या तुमच्या. स्वतःचं राज्य आल्यावर हद्दपारी उरली कुठे?

तळटीप: मग इस्रायलमध्येही सणाच्या मुसाफ प्रार्थनेत ‘आमच्या पापांमुळे आम्ही देशातून हद्दपार झालो’ असं आजही का म्हणतात? सोळाव्या शतकातला गूढवादी रब्बी लुरिया तर गालीलमधल्या सफेद गावी, त्याच भूमीत बसून, शेखिना (देवाचं सान्निध्य) गालुतात आहे असं शिकवत होता.

गवंडीकाम: भिंतीचंही सांगा. मंदिर पडल्याची आठवण म्हणून नव्या घरात दारासमोर एक हात लांब, एक हात रुंद जागा बिनगिलाव्याची ठेवायची. लोक गिलावा करून वर काळा चौकोन रंगवतात. ती सजावट झाली, उणीव नाही.

रेवदंडा: गालुत म्हणजे छळ, असं धरून बोलणाऱ्यांनी कोकण बघावं. शनवार तेल्यांनी, म्हणजे तिथल्या बेने इस्रायली ज्यूंनी, शब्बाथ म्हणून शनिवारी तेलाचे घाणे बंद ठेवले, कुणी आडवं आलं नाही. तरी मंदिर पडल्याच्या शोकाचा बिरड्याचा सण पाळलाच ना?

तळटीप: तो सण मुळापासूनचा की कोचीनच्या ज्यू शिक्षकांनी पुढे आणलेला, वाद तिथेच आहे. हनुक्का, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या मंदिरशुद्धीचा सण, माहीत नव्हता म्हणून बेने इस्रायली त्या घटनेआधीच तिथून निघाले, हा तर्कही लंगडा. सण विसरलेही जातात.

रेवदंडा: कोकणाचा विषय निघाला की तुम्हाला फक्त शंका सुचतात! घरी परतले म्हणता, तर 1962 मध्ये लग्नासाठी बेने इस्रायलींची वंशावळ तपासायचा आदेश इस्रायलच्या रब्बीनेटने (मुख्य धर्मपीठाने) का काढला? आंदोलन करावं लागलं, तेव्हा कुठे 1964 मध्ये माघार घेतली. स्वतःच्याच देशात परकं ठरणं हाही गालुतच आहे.

तळटीप: यावर माझं उत्तर नाही. मुद्दा बरोबर आहे.

सरळवाट: बरं, राजकीय गालुत संपला, धार्मिक उरला, एवढं मानतो. पण 1967 मध्ये सगळं जेरुसलेम इस्रायलकडे आल्यावर रब्बी गोरेनने ‘नाखेम’ या मंदिरशोकाच्या प्रार्थनेतले जेरुसलेमविषयीचे ‘उजाड नगरी’ हे शब्द बदलले, कारण ते म्हणणं खोटं ठरत होतं. हे तुम्ही मुद्दाम गाळलंत.

तळटीप: गोरेनने बदललं. बहुतेक प्रार्थनापुस्तकांत जुनाच मजकूर छापतात, आणि तोच म्हटला जातो.