पानिपत : १७६१ च्या पुढे

पानिपत म्हटलं की आपण १७६१ च्या पुढे सरकतच नाही, हे वरच्या प्रतिसादातलं म्हणणं अगदी पटलं. त्यात भर घालतो.

फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेले विणकर इथे स्थिरावले आणि हातमागाला जोर आला. सतरंज्या, चादरी, पडदे, सगळंच. पण खरी गंमत 'शॉडी'ची, म्हणजे जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांतून पुन्हा काढलेल्या सुताची. परदेशांत टाकून दिलेले लोकरी कोट-स्वेटर गाठोड्यांनी कांडला बंदरात उतरतात आणि तिथून पानिपतला येतात. आपल्या विळीसारखं उभं पातं रोवून बायका बसलेल्या असतात. बटणं, चेन, अस्तर, लेबल सरासर वेगळं. मग रंगवार ढीग. लाल कोटांचं लालच सूत, त्यामुळे पुन्हा रंगवायची फारशी गरज नाही. चिंध्या पिंजून सूत, सुताची घोंगडी. पूर-भूकंपात वाटतात ती स्वस्त, जराशी टोचणारी ब्लँकेटं बऱ्याचदा इथलीच.

अलीकडे मात्र मऊ पॉलिस्टरच्या 'मिंक' ब्लँकेटांनी शॉडीला मागे सारलंय. शहर वाढतंय हे खरं, पण त्या पिंजणीच्या धुळीत नाकाला ओढणी बांधून काम करणाऱ्यांच्या फुफ्फुसांचं काय, यावर या धाग्यात कुणीच बोललेलं नाही.